स्लिपवर नसलेलं नाव

आपल्या सदरातला मागच्या महिन्यातला अनुभव वाचून मला हसू आलं. कुणा गृहस्थांना घाटात वळणावर बाई दिसली म्हणे... त्यांनी गाडी थांबवली नाही म्हणून वाचले. मी मासिक बाजूला ठेवलं आणि सुमनला, म्हणजे माझ्या पत्नीला, म्हटलं की लोक वाट्टेल ते लिहितात आणि संपादक छापतात. ती गवार निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग तुमचं ते बँकेतलं काय होतं?"

तेच लिहायला बसलोय.

आधीच सांगतो, मी सगळी नोकरी बँकेत काढलेला माणूस. संध्याकाळी हिशेब जुळला नाही तर जुळेपर्यंत खुर्चीवरून उठायचं नाही, ह्या शिस्तीत वाढलो. अंगात येणं, कौल लावणं, ताईत, दृष्ट... आमच्या घरात ह्यातलं काही नव्हतं आणि आजही नाही. शिवाय मी सांगणार आहे ती भुताची गोष्टही नाही. ह्यात कोणी मेलेलं माणूस परत येत नाही. जे घडलं ते भर सकाळी, सताड उघड्या दाराच्या खोलीत, चारचौघांसमोर घडलं. फक्त ते कसं घडलं, एवढंच मला सांगता येत नाही.

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दोन वर्षंच झाली होती. आम्ही डोंबिवलीला राहायचो. आजची डोंबिवली डोळ्यांसमोर आणू नका — स्टेशनच्या दोन्ही अंगांना भातखाचरं, मधूनमधून कौलारू घरं, दिवेलागणीला कंदील. मी मॅट्रिक झालो आणि वडिलांच्या ओळखीने कल्याणच्या एका नव्या बँकेत क्लार्क म्हणून लागलो. बँकेचं नाव मुद्दामच देत नाही. पुढे ती मोठी झाली, मग दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झाली. आता त्या नावाची पाटीसुद्धा कुठे नाही.

पण तेव्हा ती बँक म्हणजे एक खोली होती. पारनाक्याहून स्टेशनकडे येणाऱ्या रस्त्यावर एका तांदळाच्या व्यापाऱ्याच्या घराची पुढची बाजू भाड्याने घेतलेली. काउंटर एका बंद पडलेल्या औषधांच्या दुकानातून आणलेला, त्याचा ड्रॉवर ओढला की आयोडीनचा वास यायचा. मागे तिजोरी, तिच्या बाजूला लाकडी पार्टिशन, आणि पार्टिशनमागे मॅनेजर. लोकांना बसायला दाराच्या आतल्या बाजूला भिंतीला लागून एक बाक. बाकावर बसलेला माणूस दारातून आत येणाऱ्याला चटकन दिसायचा नाही, हे लक्षात ठेवा. दाराबाहेर लगेच रस्ता. टांगे, बैलगाड्या, भाजीवाल्या, सगळ्यांचा आवाज आत यायचा.

ही बँक गावातल्याच लोकांनी काढलेली. एक डॉक्टर, दोन वकील, काही व्यापारी, शाळेचे एक निवृत्त हेडमास्तर. ह्या मंडळींनी घरोघर फिरून शेअर खपवले. लोक विचारायचे, आमचा पैसा तुमच्या हवाली का करायचा? त्यांचंही चूक नव्हतं. इकडच्या तिकडच्या लहान बँका दारं लावत होत्या आणि त्याच्या बातम्या पेपरात यायच्या. त्यामुळे आमची संचालक मंडळी फार जपून पावलं टाकायची. खातं उघडायचं तर आधीच्या एखाद्या खातेदाराने लेखी ओळख द्यायची, हा नियम तर अगदी दगडावर कोरल्यासारखा होता.

मॅनेजर होते फणसे साहेब. कोर्टातून निवृत्त झालेले. धोतर, काळा कोट, आणि थंडी असो नसो, गळ्यात मफलर. माणूस अबोल. नियमाबाहेर कधी जाणार नाहीत अशी ख्याती. शिपाई होता बाळाराम, खाडीपलीकडच्या गावातला आगरी गडी. तो दारात उभा असायचा. आणि मी.

माझ्या कामांपैकी एक काम नाव पुकारायचं. टोकन वगैरे प्रकार तेव्हा आमच्याकडे नव्हता. पैसे काढायचे तर माणसाने स्लिप भरून द्यायची, फणसे साहेब आत सही ताडून पाहायचे, स्लिप पार्टिशनच्या फटीतून माझ्याकडे सरकवायचे, आणि मी मोठ्याने नाव घ्यायचो. मोठ्याने म्हणजे माझ्या मानाने मोठ्याने. आवाजाची देणगी मला नाही. लग्नात मंगलाष्टकं म्हणायला कोणी मला कधी बोलावलं नाही.

त्याच सुमाराला कल्याणच्या पलीकडे, लष्कराच्या रिकाम्या बराकींमध्ये, सिंधमधून आलेली माणसं येऊन राहिली होती. आज तिथे उल्हासनगर आहे. आम्ही तेव्हा नुसतं 'कॅम्प' म्हणायचो. हजारो माणसं. एका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून कितीतरी कुटुंबं. बायका कल्याणात येऊन घरोघर पापड, लोणची विकायच्या, पुरुष रस्त्यावर रुमाल, कंगवे, गोळ्या-बिस्किटं विकायचे. गावात त्यांच्याबद्दल दोन मतं होती. काहींना कीव यायची, काहींना धास्ती वाटायची. बऱ्याच जणांना दोन्ही वाटायचं.

त्यातलीच एक मोहिनीबाई. तिशीच्या आतबाहेर वय, अंगाने किडकिडीत, पांढरी ओढणी. बरोबर एक लहान मुलगी, गोपी. मोहिनीबाई पापड विकायची आणि त्यातून उरलेलं बँकेत ठेवायचं म्हणायची. बराकीत चोऱ्या होत होत्या, झोपताना पुरचुंडी कमरेला बांधली तरी भरवसा नव्हता. पहिल्यांदा आली तेव्हा ती मला 'भाऊ' म्हणाली. मला वाटलं, वा, मराठी शिकली. नंतर कळलं, सिंधीतही भाऊच म्हणतात.

तिची हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली होती. सख्खरला नवऱ्याचं कापडाचं दुकान होतं. दुकान आवरून मागाहून येतो म्हणून नवऱ्याने तिला आणि मुलीला तिच्या भावाबरोबर कराचीहून बोटीत बसवून दिलं. ती मुंबईला उतरली, तिथून कॅम्पात आली. तिकडे हालत बिघडली आणि नवऱ्याचा पत्ता लागेना. मग कॅम्पातल्या तापाच्या साथीत भाऊ गेला. राहिल्या दोघी.

ती खातं उघडायला आली आणि ओळखीच्या नियमापाशी अडली. तिला ओळख देणार कोण? ज्यांच्या दारात ती पापड विकायची त्या बायकांची बँकेत खाती नव्हती, आणि त्यांच्या नवऱ्यांना तिची ओळख नव्हती. मी फणसे साहेबांना विचारलं. ते म्हणाले, नियम आहे. काही दिवसांनी ती पुन्हा आली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आली तेव्हा फणसे साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले आणि म्हणाले, संचालकांच्या सभेत विषय ठेवतो, निर्वासितांपुरता नियम सैल करता येईल का ते विचारतो.

सभेत काय झालं ते मला नंतर कळलं. राइस मिलवाले एक संचालक होते, ते म्हणाले, ही माणसं आज इथे आहेत, उद्या सरकार दुसरीकडे हलवेल, मग शोधायची कुठे? आता, पैसे ठेवायला आलेल्या माणसाला शोधायची वेळ बँकेवर कशाला येईल, हे मला त्या वयातही समजलं नाही. पण भीतीला असले प्रश्न विचारून उपयोग नसतो. डॉक्टर बाजूने बोलले, हेडमास्तर गप्प बसले, आणि विषय बारगळला.

दुसऱ्या दिवशी मोहिनीबाई उत्तर ऐकायला येणार होती. मी कामावर आल्या आल्या फणसे साहेबांनी मला पार्टिशनमागे बोलावून सगळं सांगितलं.

"तू सांग तिला," ते म्हणाले.

मी म्हटलं, साहेब, मी?

"माझ्याच्याने सांगवणार नाही."

ती आली. थंडीचे दिवस होते, मुलीच्या अंगात कुणाचा तरी मोठा स्वेटर होता, बाह्या दुमडून दुमडून घातलेला. मी काउंटरवरूनच, माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं की सभेत नाही जमलं. ती भांडली नाही, रडली नाही. तिने मान हलवली, जणू हे तिला घरून निघतानाच माहीत होतं. एवढंच म्हणाली की मुलीचे पाय दुखतात, थोडा वेळ बसते. बाकावर जाऊन बसली. मला तिच्याकडे पाहवेना.

बाकावर तिच्याशिवाय एकच गिऱ्हाईक होतं. रामचंद्र भिकाजी म्हणून दुधाचा धंदा करणारे गृहस्थ. त्यांची स्लिप आत गेलेली होती. ती थोड्या वेळाने फटीतून माझ्या हातात आली. मी स्लिप वाचली आणि नाव पुकारलं —

"खियलदास तोलाराम..."

कोणी उठलं नाही. मी वाट पाहिली. पुन्हा पुकारावं म्हणून स्लिपकडे पाहिलं, तर तिथे 'रामचंद्र भिकाजी' लिहिलेलं. स्वच्छ अक्षरात.

त्या क्षणी नेमकं काय वाटलं हे मी कितीदा तरी आठवून पाहिलं आहे. लोक विचारतात, काही झटका बसला का, कानात काही ऐकू आलं का, डोळ्यांसमोर अंधारी आली का. असलं काहीही झालं नाही. मी रोज जसं नाव वाचतो तसं वाचलं. वेगळं काही बोललो असं माझ्या जिभेलासुद्धा वाटलं नाही. आणि ते नाव तर असं की त्याआधी कधी ऐकलेलं नाही, आजही मी ते जरा सांभाळूनच उच्चारतो. तेव्हा ते माझ्या तोंडून सरळ आलं, अडखळत नाही.

रामचंद्र भिकाजी माझ्याकडे पाहत होते. म्हणाले, "काय पुकारलंत? माझं आहे का?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात पाहिलं तर मोहिनीबाई उभी होती.

"भाऊ," ती म्हणाली, "ये नाम तुमको किसने बताया?"

मी म्हटलं, किसी ने नहीं, गलती से निकल गया. किसका नाम है?

तिने ओढणी डोक्यावर पुढे ओढली आणि मान खाली घातली. मला काही बोध होईना. रामचंद्र भिकाजींनाच तो झाला. हलक्या आवाजात मला म्हणाले, "अहो, घरधन्याचं असणार."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझ्या आईने तरी कुठे कधी वडिलांचं नाव घेतलं होतं? ही बाई इतके दिवस येत होती, आणि बोलताना नेहमी 'गोपी के पिता' म्हणायची. नाव तिने घेतलंच नव्हतं. कागदावर नवऱ्याचं नाव लिहायची पाळीही आली नव्हती, कारण गाडं ओळखीपाशीच अडलेलं.

ती काउंटरपाशी आली. दोन्ही हातांनी काउंटरची कड धरली.

"खबर आई है? जिंदा हैं वो?"

इतक्या वर्षांत मला बँकेत बरेच वाईट प्रसंग पाहावे लागले. पण त्या प्रश्नाइतकं मला कधी कशाने कासावीस केलं नाही. कारण खबर आलेली नव्हती. माझ्याकडे काहीच नव्हतं. एक चुकून निघालेलं नाव होतं आणि त्या नावाने मी ह्या बाईच्या मनात असा दिवा लावून बसलो होतो, जो मलाच विझवावा लागणार होता. मी तिला म्हटलं की मला खरंच काही माहीत नाही. तिला पटेना. माहीत नाही तर नाव कसं घेतलंस? तिचं बरोबर होतं.

आवाज ऐकून फणसे साहेब बाहेर आले. मी त्यांना स्लिप दाखवली, काय झालं ते सांगितलं. त्यांनी स्लिप पाहिली, मग चष्म्यावरून मला पाहिलं, उन्हात फिरून आलेल्या माणसाकडे पाहावं तसं. म्हणाले, पाणी पी, बस जरा.

मी पाण्याचा तांब्या उचलला असेन नसेन, एवढ्यात दारात गडबड झाली. बाळारामने काठी आडवी धरली होती आणि एक माणूस त्याला बाजूला करून आत शिरू पाहत होता. धुळीने माखलेला, दाढी वाढलेली, हातात गाठोडं. पळत आल्यामुळे त्याला धाप लागली होती. तो दारातूनच काउंटरकडे पाहत म्हणाला —

"मुझे किसने बुलाया?"

फणसे साहेब म्हणाले, आप कौन?

"अभी किसी ने मेरा नाम लिया. बाप के नाम के साथ. किसने बुलाया?"

त्या माणसाचं लक्ष आमच्याकडे होतं. मोहिनीबाई तोपर्यंत काउंटरपासून मागे सरून बाकाशी जाऊन उभी राहिली होती. तो जिथे होता तिथून ती त्याला दिसत नव्हती. पण तिने आवाज ऐकला होता. तिने मुलीला दोन्ही खांद्यांना धरून पुढे केलं आणि सिंधीत काहीतरी म्हणाली. त्याचा अर्थ मला पुढे कळला. ती मुलीला म्हणाली होती, वडिलांच्या पाया पड.

तो वळला.

पुढचं फार वर्णन करत नाही, मला ते जमणारही नाही. तो माणूस होता तिथे, फरशीवर बसला. गाठोडं बाजूला घरंगळलं. मुलगी त्याला ओळखेना, ती आईच्या मागे लपली. त्याने तिला धरायचा प्रयत्न केला नाही. नुसता हात पुढे करून बसून राहिला, आणि बऱ्याच वेळाने तिने त्याच्या तळहातावर आपलं बोट ठेवलं. मोहिनीबाई भिंतीला टेकून उभी होती. तोंडाला ओढणी लावलेली. रामचंद्र भिकाजींनी उठून माझ्या हातातला तांब्या घेतला आणि त्या माणसाला पाणी दिलं. मागून टांगेवाला आला, अर्ध्यात उतरून पळालेल्या उतारूच्या नावाने ओरडत, आणि आतलं दृश्य पाहून दारातच थांबला. घोड्याचा लगाम कोण धरतंय ह्याचंही त्याला भान राहिलं नाही.

खियलदासांनी मग थोडं थोडं सांगितलं. ते बोटीने आले नव्हते. जोधपूरच्या बाजूने, खुश्कीच्या वाटेने आले. जोधपूर, अजमेर, मग देवळाली, मग पुण्याजवळचा कॅम्प, असं शोधत शोधत कल्याणला पोचले. इथल्या कॅम्पच्या ऑफिसात चौकशी केली. त्यांच्या नावाचं कुटुंब नाही असं सांगितलं गेलं. ते खरंच होतं, कारण नोंद मोहिनीबाईच्या भावाच्या नावावर झालेली, आणि तो भाऊ तर गेलेला. बराकींमधून फिरले, पण हजारो माणसांत कोण कोणाला सापडतं? कल्याण गावात एका धर्मशाळेत उतरले होते. आशा सोडून त्या सकाळी टांगा करून स्टेशनला निघाले होते. इंदूरला कोणी लांबचे नातेवाईक होते, तिकडे. पुढे कल्याणला परत येण्याचं त्यांना काही कारण नव्हतं.

फणसे साहेब हे सगळं उभ्याने ऐकत होते. मग मला म्हणाले, "वसंता, खातं उघडायचा फॉर्म आण."

मी फॉर्म आणला. त्यांनी मफलर सारखा केला, खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि ओळख देणाऱ्याच्या जागी सही केली. मॅनेजरने स्वतः कोणाला ओळख द्यायची नाही असा आमच्याकडे संकेत होता. तो त्यांनीच घालून दिलेला. मी हळूच म्हटलं, साहेब, सभेत विचारतील की तुम्ही ह्यांना कधीपासून ओळखता.

"आत्ता पाहिलं ना त्यांना," ते म्हणाले. "गावातल्या किती खातेदारांना मी एवढं ओळखतो?"

पुढच्या सभेत ह्यावर बरंच रण पेटलं. राइस मिलवाले चिडले. फणसे साहेबांनी राजीनामा लिहूनच नेला होता. तो डॉक्टरांनी वाचलासुद्धा नाही, घडी घालून त्यांच्याच कोटाच्या खिशात परत ठेवला आणि म्हणाले, बसा खाली. नियम मात्र बदलला नाही. बदलायची गरजच उरली नाही, कारण आता कॅम्पातला एक माणूस खातेदार होता आणि तो इतरांना ओळख देऊ शकत होता. खियलदासांनी एकाला ओळख दिली, त्याने आणखी दोघांना. काही महिन्यांत आमच्या बाकावर जागा मिळेना. पापडवाल्या, रुमालवाले, शिलाई मशीन घेऊन बसणारे, बेकरी टाकू पाहणारे. रोज थोडं थोडं आणून ठेवणारी ही माणसं. आमची बँक उभी राहिली ती ह्यांच्यावर, असं मी म्हटलं तर जुन्यांपैकी कोणी नाकारणार नाही. राइस मिलवाले शेठसुद्धा पुढे खियलदासांकडून घरच्या लग्नाचं कापड घेऊ लागले.

आता मुद्द्याचं. मी हे असंच सोडून दिलं नाही. स्वभावच नाही तो.

खियलदासांना मी विचारलं की हाक ऐकलीत तेव्हा टांगा कुठे होता. ते म्हणाले, वळणावर, लोहाराच्या दुकानासमोर. टांगेवाल्यालाही विचारलं. त्यानेही तीच जागा सांगितली. म्हणाला, उतारू एकदम 'रोको' म्हणाला आणि चालत्या टांग्यातून उडी टाकून पळाला. त्याला स्वतःला मात्र कसलीच हाक ऐकू आली नव्हती. ते वळण बँकेपासून चांगलं लांब होतं, आणि लोहाराचा घण दिवसभर चालू असायचा. मी एका सकाळी बाळारामला त्या वळणावर उभं केलं आणि बँकेत काउंटरमागे उभा राहून, घशाच्या शिरा ताणून त्याच्या नावाने ओरडलो. तेही रोजच्या आवाजात नाही, जीव खाऊन. शेजारचे व्यापारी धावत आले, काय झालं म्हणून. बाळाराम सावकाश चालत परत आला आणि म्हणाला, काहीच ऐकू आलं नाही. मग मी त्याला त्या दिवशीचं विचारलं. माझा आवाज किती मोठा होता?

"रोजच्यासारकाच बोललास तू," तो म्हणाला. "मी दारान होतू म्हणून मना आयकाला आला. त्या लोहारापरत कसा जाल?"

खियलदास मात्र सांगायचे की कोणीतरी अगदी खांद्यामागून हाक मारावी इतकी ती स्पष्ट होती. आवाज कोणाचा वाटला, असं मी खोदून खोदून विचारलं. मला वाटलं, म्हणतील वडिलांचा, किंवा देवाचा. ते म्हणाले, नाही, अनोळखी होता, जरा पातळ... तुमच्यासारखाच होता.

नावाचं काय? एक शक्यता सुमन नेहमी काढते. मुलीने कधीतरी बोलता बोलता नाव घेतलं असेल आणि ते माझ्या डोक्यात राहिलं असेल. शक्य आहे. पण गोपी तेव्हा इतकी लहान होती की तिला वडील म्हणजे 'बाबा' एवढंच ठाऊक होतं. आजोबांचं नाव तर तिला शाळेत घालताना शिकवलं, असं तिच्या आईनेच मला सांगितलं. बरं, मानलं की मी ते कुठेतरी ऐकलं होतं. मग ते माझ्या तोंडून नेमकं त्याच वेळी का निघावं? जरा आधी निघतं तर टांगा तिथवर आलेला नसता. जरा नंतर निघतं तर तो स्टेशनला पोचलेला असता. आणि समजा हाही योगायोग... तरी लोहाराच्या घणापलीकडे तो आवाज गेला कसा?

एका मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना मी हे सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन-तीन इंग्रजी शब्द सांगितले. मी ते डिक्शनरीत पाहिले. शब्द चांगले होते, पण माझं समाधान झालं नाही. एक कीर्तनकार म्हणाले, तुमच्या मुखातून देव बोलला. त्यानेही झालं नाही. मी काही देवाने निवडावा असा माणूस नाही, आणि नाव पुकारायचंच होतं तर ते दोन वर्षं आधी कराचीच्या धक्क्यावर पुकारता आलं असतं.

त्यानंतर मी रिटायर होईपर्यंत हजारो नावं पुकारली. एकही चुकलं नाही. खरं सांगू? पहिली काही वर्षं मी मुद्दाम वाट पाहायचो. कॅम्पातून अशा कितीतरी बायका यायच्या ज्यांचं कोणी ना कोणी हरवलेलं होतं. मी स्लिप हातात घ्यायचो आणि क्षणभर थांबायचो, की येईल एखादं नाव. आलं नाही. स्लिपवर असायचं तेच यायचं.

खियलदास आणि मोहिनीबाईंचं घर आम्हाला शेवटपर्यंत आपल्यासारखं राहिलं. कॅम्पात त्यांचं कापडाचं दुकान झालं, दोन मुलगे झाले. गोपी कल्याणच्या शाळेत शिकली. तिचं मराठी आमच्या मुलांपेक्षा शुद्ध, आणि हे ती त्यांना ऐकवते. सुमन मोहिनीबाईंकडून पालक-डाळीची साईभाजी शिकली. ती अजून तिला त्यांच्यासारखी जमत नाही, असं मी म्हणतो आणि बोलणी खातो.

त्या दोघांपैकी कोणीही माझ्याशी त्या सकाळबद्दल आपणहून बोललं नाही. मीच विषय काढायचो. खियलदास हात जोडून वर बघायचे आणि दुसरं काहीतरी बोलू लागायचे. एकदा, त्यांच्या दुकानाला बरीच वर्षं झाल्यावर, मी मोहिनीबाईंना सरळच विचारलं. म्हटलं, मी इतकी वर्षं डोकं फोडतोय, तुम्हाला काय वाटतं? ते नाव माझ्या तोंडात कसं आलं असेल? तुम्हीही विचार केला असेलच ना.

त्या कणीक मळत होत्या. तोवर त्या मराठी छान बोलू लागल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं, जणू मी काहीतरी भलतंच विचारलं.

"विचार कधी करणार, भाऊ?" त्या म्हणाल्या. "हे दारात उभे होते. दोन दिवस पोटात काही नव्हतं त्यांच्या. मला घरी जाऊन चूल पेटवायची होती."